पत्रिकेपुढे बसलेला माणूस

"पूर्वी लोक 'कधी' विचारायचे. लग्न कधी, नोकरी कधी, बदली कधी, स्वतःची जागा कधी. आता पंचविशी-तिशीतली मुलं समोर बसतात आणि विचारतात, 'काकू, मी असा का आहे?'"

डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आणि नोकरीत असल्यापासून पत्रिका पाहणाऱ्या एका बाईंचं हे निरीक्षण. नाव छापायचं नाही, या अटीवर त्या बोलल्या. पुण्यात आणि सांगलीत भेटलेल्या ज्योतिषांनीही थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. 'कधी' विचारणारे कमी झालेले नाहीत. लग्नाळू मुलामुलींचे आईवडील अजून त्याच प्रश्नासाठी येतात. त्यांच्या जोडीला आता हा दुसरा वर्ग आला आहे. नोकरी आहे, पगार बरा आहे, भाड्याचं का होईना घर आहे, आणि तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. नाती टिकत नाहीत. क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते आणि मग त्या चिडण्याचीच लाज वाटते. हे कुणाशी बोलायचं ते उमगत नाही. मोबाइलवर राशींच्या स्वभावाचे व्हिडिओ बघून बघून त्यांचा समज झालेला असतो की आपलं काय बिनसलंय ते पत्रिकेत लिहिलेलं असणार.

'मी असा का आहे' हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या घरांत तो विचारायची सोय नसते. विचारलाच तर 'नसते विचार करत बसू नकोस, कामाला लाग' असं उत्तर मिळतं. त्यामुळे तो प्रश्न घेऊन कुणी कुठल्याही दाराशी गेलं, तरी त्याला हिणवायची माझी तयारी नाही. मला शोधायचं होतं ते इतकंच, की त्या दारातून परत येताना माणसाच्या हाती नेमकं काय लागतं आणि ते त्याला कोण देतं.

बाईंची बैठक म्हणजे आतल्या खोलीतलं एक लहानसं टेबल. त्यावर दाते पंचांग, लॅपटॉप, चष्म्याचं घर, एक रेघी वही. पूर्वी त्या पत्रिका हाताने मांडायच्या. आता तारीख, वेळ आणि गाव टाकलं की कुंडली छापून बाहेर येते. त्या दिवशी आलेला मुलगा कल्याणचा होता, तिशी ओलांडलेला, एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करणारा. त्याच्या परवानगीने मी कोपऱ्यात बसलो होतो. कुंडलीचा कागद बाईंच्या हातात होता, पण त्यांनी तो पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "आधी तू सांग. काय झालंय?"

तो नोकरीबद्दल बोलत राहिला. साहेब, टार्गेट, हुकलेली बढती. बाई मध्ये बोलल्या नाहीत. मग त्यांनी कागद उलटला आणि पेन्सिलीने एका घरात खूण केली. "चंद्र म्हणजे मन. शनी म्हणजे ओझं, शिस्त, धाक. तुझ्या पत्रिकेत दोघं एका घरात बसलेत, तेही चौथ्या. चौथं घर आईचं, वास्तूचं, सुखाचं. लहानपणी घरात मोकळं हसता यायचं का रे?"

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबांच्या स्कूटरचा आवाज आला की आम्ही टीव्ही बंद करून पुस्तक घेऊन बसायचो." आणि त्याला रडू फुटलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पुढचा बराच वेळ पत्रिकेचं नावही निघालं नाही. वडिलांचा राग, मधल्यामधे पिचलेली आई, पुण्याला निघून गेलेली बहीण. बोलता बोलता तो म्हणाला, "साहेब केबिनमधून बाहेर आले की मला अजून काहीतरी पटकन बंद करावंसं वाटतं."

"हे वाक्य घरी जाऊन लिहून ठेव," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी त्यांना विचारलं, चंद्र-शनी एकत्र आहेत आणि तरी बालपण मजेत गेलंय, अशी माणसं येत नाहीत का? "येतात की. पुष्कळ येतात. आणि ज्यांच्या पत्रिकेत असलं काही नाही, तीही याच खुर्चीत बसून रडतात." हे त्यांनी एका दमात सांगितलं, लपवलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. हिशेबही तेच सांगतो. चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत एक रास ओलांडतो. म्हणजे दर फेरीत सव्वादोन दिवस तो शनीच्या सोबत एका राशीत असतोच. जन्मणाऱ्या बारांतल्या एकाच्या पत्रिकेत ही जोडी सापडणार. वडिलांच्या धाकात वाढलेली माणसं आपल्याकडे बारांत एक एवढीच आहेत का?

मग बाईंचा प्रश्न इतका नेमका कसा लागला? माझ्या मते त्याचं उत्तर त्यांच्या शाळेत आहे. आयुष्यभर वर्गातली मुलं न्याहाळलेल्या बाईंनी, साहेबाबद्दल बोलताना त्या मुलाचे खांदे कसे आत जात होते ते पाहिलं होतं. पत्रिकेने त्यांना तो प्रश्न विचारायचं निमित्त दिलं. आणि मुलाला उत्तर देण्याची मुभा दिली, हे त्याहून महत्त्वाचं. "तुझे वडील कसे होते?" असं थेट विचारलं असतं तर "चांगले होते" एवढ्यावर विषय संपला असता. कारण वडिलांबद्दल वावगं बोलायचं नाही, हे संस्कार. चंद्र-शनीची खुंटी पुढे आली आणि तिच्यावर त्याला आपलं ओझं अडकवता आलं.

पत्रिकेचं हे सामर्थ्य खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. बारा घरांची नुसती नावं पाहा. तनु, धन, पराक्रम, सुख, सुत, रिपू, जाया, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ, व्यय. शरीर, पैसा, भावंडं, आई आणि घर, मुलंबाळं, रोग-ऋण-शत्रू, जोडीदार, मरण, श्रद्धा, काम, मिळकत, खर्च. माणसाच्या संसाराचा एकही कोपरा यातून सुटलेला नाही. डॉक्टर सहाव्या घराबद्दल विचारतो, बँक दुसऱ्या आणि अकराव्या, नातेवाईक सातव्या आणि पाचव्या. बाराही घरांची चौकशी एका बैठकीत, घाई न करता करणारं माणूस आपल्या आयुष्यात बहुधा नसतंच. ज्याला कुणी कधी 'तुझ्या बहिणीशी तुझं कसं आहे' हे विचारलेलं नाही, त्याला तिसऱ्या घराच्या निमित्ताने पहिल्यांदाच त्यावर बोलावं लागतं.

दशांचंही तसंच. विंशोत्तरी पद्धतीत माणसाचं आयुष्य १२० वर्षांचं धरून नऊ ग्रहांत वाटलेलं आहे. सूर्याला ६, चंद्राला १०, मंगळाला ७, राहूला १८, गुरूला १६, शनीला १९, बुधाला १७, केतूला ७, शुक्राला २०. एखाद्याला तुमची राहूची महादशा अमुक साली सुरू झाली आणि तमुक साली संपते, असं सांगितलं की तो आपोआप मागे वळून त्या वर्षांकडे पाहू लागतो. तेव्हाच वडील गेले. तेव्हाच दुकान बुडालं. एरवी सलग आणि अर्थहीन वाटणाऱ्या आयुष्याला प्रकरणं पडतात, प्रत्येक प्रकरणाला सुरुवात आणि शेवट मिळतो. दुःखाला मुदत आहे, या कल्पनेत मोठा दिलासा असतो. पुण्यात भेटलेल्या एक मध्यमवयीन गृहिणी म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं दिवाळीनंतर बरं आहे. बरं झालं की नाही ते सोडा. पण त्या चार महिन्यांत मी उठून आंघोळ करून स्वयंपाक करत होते, ते त्या वाक्यावर."

कार्ल युंग या स्विस मनोविश्लेषकालाही पत्रिकेचा हा उपयोग दिसला होता. बंगळूरहून ज्योतिषाचं मासिक चालवणाऱ्या बी. व्ही. रामन यांना १९४७ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं होतं की निदान अवघड असेल तेव्हा वेगळ्या बाजूने पाहता यावं म्हणून ते रुग्णाची कुंडली करून घेतात. युंग यांचं हे पत्र ज्योतिषाच्या बाजूने पुरावा म्हणून आजही पुढे केलं जातं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कुंडली हातात घेणारा माणूस मनाचा वैद्य होता, आणि ती त्याच्यासाठी रुग्णाकडे पाहायची आणखी एक बाजू होती.

पत्रिकेला स्वतःला काही ठाऊक असतं का, हा प्रश्न मात्र इथे टाळता येणार नाही. तो पुण्यात तपासून झालेला आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि 'ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी' हे पुस्तक लिहिणारे प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत ही चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून २०० पत्रिका तयार केल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं. प्रत्येकाला ४० पत्रिका मिळणार. कोणती कुठल्या गटातली, एवढंच सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर आली असती. या २७ जणांची सरासरी १७.२५ आली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर निघाली.

हा प्रश्न शेअर बाजाराचा किंवा निवडणुकीचा नव्हता. एका मुलाच्या बुद्धीचा, म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याचा घाट ठरवणाऱ्या गोष्टीचा होता. पत्रिकेत माणूस दिसत असेल तर तो इथे दिसायला हवा होता. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या विश्वरचनाशास्त्राबद्दल भरभरून लिहिलं गेलं. ही चाचणीही मला तितक्याच कृतज्ञतेने आठवते. ज्योतिषांना न हिणवता, त्यांना सोबत घेऊन, त्यांच्याच दाव्याची परीक्षा घ्यायची ही रीत आपल्याकडे फार दुर्मीळ आहे.

दुसरी अडचण तर पंचांगवाल्यांच्या घरातलीच आहे. राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे मानायचा यावर महाराष्ट्रात लोकमान्यांच्या काळापासून मतभेद आहेत. दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचं अंतर पडतं. रास तीस अंशांची, नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं. म्हणजे एकाच बाळाची रास सात-आठांतल्या एका वेळी दोन पंचांगांत वेगळी येणार, आणि दहांतल्या तिघांचं नक्षत्रच बदलणार. नक्षत्र बदललं की दशा बदलली, गण बदलला, नाडी बदलली. 'मी देवगणाचा म्हणून असा' असं म्हणणाऱ्याने हे एकदा लक्षात घ्यावं. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं, त्या राशीचा नववा भाग म्हणजे नवमांश तेरा-चौदा मिनिटांनी. आणि जन्मवेळ म्हणजे कुठला क्षण? डोकं बाहेर आलं तो, पहिलं रडणं ऐकू आलं तो, की नाळ कापली तो? प्रसूतीच्या खोलीत त्या वेळी बाळाचा श्वास आणि आईचा रक्तस्राव सांभाळणारी नर्स सवड मिळाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आकडा लिहिते. तिने तसंच करायला हवं.

तरीही वर्णन जुळल्यासारखं वाटतं, कारण ते जुळवून घेणारे आपणच असतो. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातली वाक्यं फोरर यांनी बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. वरून शिस्तशीर पण आतून धास्तावलेले, लोकांनी आपल्याला पसंत करावं असं वाटणारे, क्षमता असून तिचा पुरता उपयोग न केलेले. यात बसत नाही असं कोण आहे?

काहींना हे वाचून वाटेल की मग सगळंच फोल. मला तसं वाटत नाही. कल्याणच्या त्या मुलाला जे उमगलं ते खरं होतं. स्कूटरचा आवाज खरा होता, टीव्ही बंद करणं खरं होतं, आणि साहेबांना पाहून पोटात पडणारा खड्डा त्याच जुन्या भीतीचा आहे, हेही खरं होतं. यातलं काहीही शनीने त्याला सांगितलेलं नाही. त्याने स्वतः आठवलं, स्वतः जोडलं, स्वतः बोलला. माझं म्हणणं एवढंच आहे की या उमजण्याचं श्रेय त्याचं त्याला परत मिळायला हवं. ते ग्रहांच्या नावावर जमा झालं, की पुढच्या वेळी स्वतःकडे पाहायच्या ऐवजी तो पुन्हा कागदाकडे पाहणार.

आणि कागद नेहमी अशा बाईंच्या हातात नसतो. पुण्यात एक मुलगी भेटली, स्थापत्य अभियंता. ती मूळ नक्षत्रावर जन्मलेली. मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्या दिराला, हे कोष्टक आपल्या घराघरांत अजून जिवंत आहे. २७ पैकी चार नक्षत्रं, आणि चारही वेळा दोषी ठरते ती अजून न जुळलेल्या नात्यातली सून. "मला नकार आले त्याचं दुःख नव्हतं," ती म्हणाली. "पण दहावीपासून आई बोलताना माझं नक्षत्र आलं की आवाज खाली करायची. मला वाटायचं माझ्यात काहीतरी आहे, ज्याने माणसं मरतात." तिने हे वयाच्या पंचविशीपर्यंत मनात वागवलं. शेवटी तिच्या मामाने दुसऱ्या वेळेची पत्रिका करून आणली, लग्न जमलं, सासरे ठणठणीत आहेत. ती भीती मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. सासऱ्यांना साधा खोकला झाला तरी ती रात्री दोनदा उठून पाहते.

मंगळाचं गणितही कधी कागदावर मांडून पाहावं. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरातला मंगळ दोषाचा. बारांतली पाच घरं, म्हणजे अपवादांची सूट देण्याआधी पाचांतल्या दोघांना मंगळ. साडेसातीचं तेच. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो, त्या राशीला आणि तिच्या मागच्या-पुढच्या राशीला साडेसाती. २९ मार्च २०२५ रोजी तो मीनेत गेला. कुंभ, मीन आणि मेष या तिघांना साडेसाती आहे. कुठल्याही दिवशी समाजातल्या एक चतुर्थांश लोकांची साडेसाती चालूच असते. सांगलीकडचे एक शिक्षक मला म्हणाले की त्यांना सकाळी उठवेना, जेवण जाईना, जगण्यात अर्थ वाटेना, तेव्हा घरच्यांनी पत्रिका दाखवली. साडेसाती निघाली. शनिवारी मारुतीला तेल, आणि संपेपर्यंत धीर धरा, असा सल्ला मिळाला. त्यांनी खरोखरच धीर धरला, अडीच वर्षं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा नैराश्याचं निदान झालं आणि औषध सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत त्यांना भूक लागायला लागली. ती अडीच वर्षं त्यांना कोण परत देणार?

याच ठिकाणी भीतीचा व्यापार सुरू होतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त ज्याचा उल्लेखही नाही, त्या कालसर्प योगाच्या शांतीसाठी आज लोक गाडी करून त्र्यंबकेश्वरला जातात. मोबाइलवरच्या ज्योतिषाचं मीटर मिनिटावर चालतं. तिथे माणूस जितका अस्वस्थ राहील तितकं मीटर पुढे पळतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिषाचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे कुणी कुणाला काय सांगावं, याचा धरबंध सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकावरच उरतो.

स्वतःला ओळखायचं तर पत्रिकेखेरीज वाट नाही, अशी आपली स्थिती कधीच नव्हती. 'दासबोधा'चा दुसरा दशक काढून पाहावा. मूर्खाची लक्षणं, मग उत्तम लक्षणं, शेवटच्या समासात पढतमूर्ख. समर्थांनी कुणाची जन्मवेळ विचारलेली नाही. एकेक लक्षण वाचत जावं आणि आपल्याला कुठे टोचतं ते पाहावं, एवढीच रीत. 'ज्ञानेश्वरी'च्या तेराव्या अध्यायात माउली अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती अशा एकेका गुणावर इतकं रेंगाळतात की वाचताना आपला दंभ नेमका कुठे दडून बसलाय ते दिसू लागतं. तुकोबांनी स्वतःच्या दोषांची जेवढी जाहीर कबुली दिली, तेवढी मराठीत क्वचितच कुणी दिली असेल. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. स्वभाव म्हणजे जन्मासोबत आलेला शिक्का, असं यातलं कुणीच मानत नाही. लक्षण बदलता येतं, म्हणूनच ते सांगायचं.

आज ही वाट चालणारेही मला भेटले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेला एक रिक्षाचालक सांगत होता, "तिथं कुणी मला सांगितलं नाही की तू असा आहेस. पहाटे चारला घंटा, दिवसभर गप्प बसायचं, श्वास बघायचा. चौथ्या दिवशी कळलं की मला राग येतो तेव्हा आधी कानशिलं तापतात. आता तापली की गाडी बाजूला घेतो." सत्यनारायण गोएंका ही पद्धत ब्रह्मदेशातून घेऊन १९६९ साली भारतात आले, धम्मगिरी १९७६ पासूनचं. शिबिराची फी नसते, पुढच्यांसाठी ऐच्छिक दान असतं. गंभीर मानसिक आजार असलेल्याने मात्र हे शिबिर करू नये, असं तिथल्या सूचनांतच म्हटलेलं असतं. आपल्या मार्गाची मर्यादा आधीच सांगणारा मार्गदर्शक मला भरवशाचा वाटतो.

मराठीत मानसोपचारही परका राहिलेला नाही. डॉ. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती सोप्या मराठीत आणली. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्टाग्रही विचार दुःख देतो, हे त्यांनी सामान्य वाचकाला समजेल असं मांडलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या संस्थेने समुपदेशनाला जाणं ही लपवायची गोष्ट नाही, हे एका अख्ख्या पिढीला शिकवलं. तरीही पोच तोकडी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांतली उपचारांची तूट ७० ते ९२ टक्के आढळली. तालुक्याच्या गावी समुपदेशक शोधून सापडत नाही. ज्योतिषी प्रत्येक पेठेत असतो. म्हणूनच लोक आधी तिथे जाणार, आणि म्हणूनच तिथे काय बोललं जातं याची मला काळजी आहे.

सांगलीतल्या ज्योतिषांना मी ही काळजी बोलून दाखवली. वयस्कर गृहस्थ, घराण्यात भिक्षुकी, लोक त्यांना गुरुजी म्हणतात. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे म्हणाले, "तीन प्रश्नांना मी उत्तर देत नाही. मरण कधी, मूल होईल का, आणि नवऱ्याचं बाहेर काही आहे का. या तिन्हीचं उत्तर चुकलं तर संसार मोडतो, आणि बरोबर आलं तरी मोडतो." एकाच माणसाची पत्रिका वर्षाच्या आत ते पुन्हा पाहत नाहीत. "सारखा येणारा माणूस म्हणजे मी त्याला पांगळं केलं," असं त्यांचं मत. आलेल्याला ते शेवटी एकच विचारतात: आता तू काय करायचं ठरवलंस? माणसाला त्यावर काही सांगता आलं, तरच बैठक झाली असं ते समजतात. सांगता आलं नाही, तर दक्षिणा घेत नाहीत.

आपल्याकडे ज्योतिषाच्या प्रवीण, विशारद अशा पदव्या देणारे वर्ग गावोगावी चालतात. भावेश, दशा, गोचर, गुणमेलन सगळं शिकवलं जातं. त्याच अभ्यासक्रमात आणखी काही तास घालावेत, ही माझी त्या वर्गांना मनापासून विनंती आहे. समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, नक्षत्रदोष हा शब्द एखाद्या मुलीच्या मनात किती वर्षं राहतो, नैराश्य कसं ओळखायचं, आत्महत्येचा विचार बोलणाऱ्याच्या तोंडी कसा येतो, हे शिकवावं. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते. तो क्रमांक प्रत्येक ज्योतिषाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा. डोंबिवलीच्या बाईंनी तो मी सांगताक्षणी रेघी वहीत उतरवून घेतला. सांगलीच्या गुरुजींच्या भिंतीवर पंचांगाशेजारी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाची वेळ लिहिलेली आहे. झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही, असं कुणी म्हणालं की ते पत्रिका बाजूला सारतात आणि सांगतात, "ही कुठं पळून जात नाही. आधी तिकडं जा, गोळ्या चालू कर, आणि बरं वाटायला लागलं की मग माझ्याकडं ये." बरेचसे पुन्हा येत नाहीत, असं ते म्हणाले, आणि त्यांना त्याचं समाधान होतं.